टायरची आतली कड

मी एक जुना टायर आहे, मित्रांनो. अझरू गावच्या टॅक्सीतळावर भिंतीला लागून पडून असतो. ड्रायव्हर चहाचा ग्लास घेऊन माझ्यावर बसतात. पूर्वी मी हद्दूच्या टॅक्सीचा पुढचा डावा टायर होतो; आमच्या देशात ड्रायव्हर डावीकडे बसतो, म्हणजे थेट त्याच्या पायाखालचा. नवा होतो तेव्हा तो माझ्यावर हात फिरवून म्हणायचा, "गुणी आहे हो माझा!" फार बरं वाटायचं.

मग मिदल्तच्या घाटात एकदा आम्ही दगडावर आदळलो. माझं चाक वरच्या बाजूने किंचित आत कललं, डोळ्याला कळणार नाही इतकंच. तेव्हापासून मी आतल्या कडेवर चालू लागलो. गाडी उजवीकडे ओढायची आणि सरळ रस्त्यावरही स्टीअरिंग वाकडं धरावं लागायचं.

"हद्दू, अलाइनमेंट करून घे रे," प्रवासी सांगायचे. आमच्याकडे ड्रायव्हरशेजारच्या एकाच सीटवर दोघं बसतात आणि मागे चौघं. हद्दू हसून म्हणायचा, "उजवीकडे दोघांना कोंबलंय, ओढणारच की." मग तो एखाद्या जाडजूड गिऱ्हाइकाला आपल्या मागे डावीकडे बसवायचा. झालं, म्हणे गाडी सुधारली. सगळा भार मात्र माझ्याच बोडक्यावर.

बाहेरून माझी नक्षी शाबूत होती. हद्दू रोज तेवढीच बघायचा, एक लाथ मारायचा आणि निघायचा. आतून रबर झिजून तारा उघड्या पडल्या होत्या. मला ओरडता येईना, निसटता येईना. घाटातल्या प्रत्येक वळणावर वाटायचं, आता फुटलो तर सातही जण दरीत जातील. मी फार घाबरलो होतो.

एका सकाळी हद्दू आपल्या आईला, इत्तोआजींना, मिदल्तला मावशीकडे सोडायला निघाला. गाडीत दोघंच. पुढे बसलं की आजींना दरी बघून भीती वाटते, म्हणून त्या मागे बसल्या. घाट लागायच्या आधी सपाट रस्ता आहे. तिथे आजींनी ऑलिव्हचं तेल लावलेली रोटी पुढे केली. ती घ्यायला हद्दूने स्टीअरिंग सैल सोडलं, तशी गाडी उजवीकडे सरकली.

"काय रे, निघालास कुठे?"

"पुढे दोघं बसतात ना आई, त्याने ओढते."

"आत्ता कोण बसलंय पुढे? तुझा मेलेला बाप आणि त्याची बकरी?"

हद्दू रिकाम्या सीटकडे बघतच राहिला. त्याने पुन्हा हात सैल सोडला. गाडी पुन्हा उजवीकडेच. मग त्याने गाडी कडेला थांबवली, चाक पूर्ण वळवलं आणि माझ्या आतल्या कडेवर बोट फिरवलं. तार बोटात घुसली.

"आई," तो खाली बसला, "काल याच चाकावर सहा माणसं घाटातून आणली मी."

"मग आज मला नको नेऊस. फिर माघारी."

स्टेपनी लावून तो परतला. अलाइनमेंट झाली, गाडी सरळ चालू लागली. माझी सुटका झाली म्हणावं, तर मी इथे येऊन पडलो.

मित्रांनो, आम्हाला तोंड नसतं. गाडी एकीकडे ओढू लागली तर सबबी सांगत बसू नका. रिकामी चालवून बघा, आतली कड हाताने चाचपा.

परवा बासू नावाचा नवा ड्रायव्हर माझ्यावर बसून सांगत होता, "उजवीकडे ओढते जरा. पुढे दोघं असतात ना." हद्दूने हातातला ग्लास खाली ठेवला.

"ऊठ," तो म्हणाला. त्याने मला उलटं केलं, बासूचा हात धरला आणि माझ्या आतल्या कडेवर आणला.

"हळू," हद्दू म्हणाला, "बोचतं."