मी, घरातलं व्हायोलिन

मी एक व्हायोलिन बोलतोय. तसं म्हणायलाही संकोच वाटतो, कारण ज्यांनी माझा आवाज ऐकलाय, ते मला वाद्य मानायला सहसा तयार होत नाहीत. खालच्या मजल्यावरचा शिंपी तर मला सरळ 'मांजर' म्हणायचा.

एका कारखान्यात माझ्यासारखी ढिगानं व्हायोलिनं बनायची. अंग प्लायवुडचं, वरून चकचकीत पॉलिश. एका पोरसवद्या वादकानं पहिल्या पगारात मला घेतलं. पुढे त्याचं लग्न झालं, नाव झालं, लोक त्याला 'मास्तर' म्हणू लागले, आणि घरात एक जुनं, खरंखुरं व्हायोलिन आलं. ते मखमली पेटीत झोपायचं, मैफिली गाजवायचं. मी कपाटावर, उघडाच.

पण सकाळी दात घासता घासता मास्तरांना काही सुचलं, की हात माझ्याकडेच यायचा. तोंडात ब्रश, अंगात बनियन, आणि मी जिवाच्या आकांतानं किंचाळतोय. स्वयंपाकघरातून काकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, ओरडायच्या, "अहो, दूध नासेल!"

एका दुपारी मास्तर खुर्चीत बसल्या बसल्या गेले.

काकूंनी सगळं नीट निभावलं. आल्यागेल्याला चहा दिला, डॉक्टरांचे आभार मानले. डोळ्यांत टिपूस नाही. मुलगी घाबरली. "आई, एकदा रडून घे गं."

"रडेन की. घाई कसली आहे?"

शोकसभेच्या दिवशी खरं व्हायोलिन दुरुस्तीला गेलेलं. संगीत मंडळाचे सचिव धावतपळत घरी आले, कपाटावर मी दिसलो, मीच ते असं त्यांना वाटलं, आणि तासाभरात मी मंचावर, मास्तरांच्या फोटोशेजारी, फुलांच्या गराड्यात!

अध्यक्ष बोलायला उभे राहिले. "या दोनशे वर्षांच्या लाकडात त्यांचा श्वास आहे," ते म्हणाले. माझं प्लायवुड शहारलं. एक गृहस्थ मला हळूच बोट लावून डोळे पुसून गेले. खरं सांगून टाकावं असं मला वाटत होतं, असं मी म्हणेन. पण ते खोटं आहे. अंगावर मूठभर मांस चढलं होतं. मी फुलांत आणखी रेलून बसलो.

तेवढ्यात सचिवांनी जाहीर केलं, "आता मास्तरांच्या शिष्या याच व्हायोलिनवर त्यांना आदरांजली वाहतील."

रेलणं संपलं. फुलांत पुरतं दडता येतं का, ते मी पाहू लागलो.

शिष्या पुढे आली, मला पाहून थबकली, आणि तिनं पहिल्या रांगेकडे पाहिलं. "काकू, हे तर..."

"वाजव," काकू म्हणाल्या.

तिनं जीव ओतला. मीही ओतला, पण माझ्याकडे ओतण्यासारखं होतंच किती! मास्तरांची लाडकी धून वर चढली आणि वरच्या 'सा'वर मी असा काही चिरकलो, की अध्यक्षांनी डोळे घट्ट मिटले. तल्लीन होऊन नव्हे. सचिव पायाखालच्या फरशीत भोक शोधू लागले. मास्तर गेल्यानंतरही मी त्यांची अब्रू घालवत होतो.

आणि पहिल्या रांगेतून हसू ऐकू आलं. काकू हसत होत्या. तोंडाशी रुमाल, खांदे गदगदा हलतायत. मुलीनं दचकून त्यांचा हात धरला. त्या हसण्याचं रडू कधी झालं, ते कुणालाच कळलं नाही.

"घरात हे अस्संच वाजवायचे गं!" काकू हुंदके देत म्हणाल्या. "ते दुसरं तुम्हा सगळ्यांचं. हे माझं!"

शिष्येचा गज थांबला होता. काकूंनी हातानंच खूण केली, चालू दे. तिनं धून पुरी केली. मी शेवटपर्यंत बेसूरच राहिलो. या वेळी अध्यक्षांनी डोळे उघडे ठेवले.

खरं व्हायोलिन आता शिष्येकडे असतं, आणि तेच योग्य आहे. संध्याकाळी ती आमच्याकडे येते, काकूंना शिकवायला! उभा जन्म ज्यांनी नुसतं ऐकलं, त्यांनी आता मला हनुवटीखाली धरलंय. मी घसरतो, गज तिरका जातो. मुलगी फोनवर विचारते, "आई, कसं चाललंय?"

"भयंकर," काकू मोठ्या समाधानानं सांगतात.

तेव्हा मंडळी, एवढीच विनंती. आमच्या खिडकीखालून जाताना कानांवर हात ठेवावेसे वाटले, तर खुशाल ठेवा. फक्त खालून ओरडू नका. काकूंचा 'सा' नुकता कुठे जागेवर यायला लागलाय, आणि 'रे'ला आम्ही दोघंही जरा भितोय.