यादीतलं अमोलचं नाव

चंद्रभागा गेली त्याला महिना झाला होता. मतदार यादीच्या कामावर असलेल्या अंगणवाडीच्या उज्वलाताई घरी आल्या. मी मृत्यूचा दाखला दिला, सही केली. माझ्या बायकोचं नाव यादीतून गेलं. मग त्यांनी अमोलचं विचारलं. मुलगा ऑस्ट्रेलियाचा नागरिक झालाय, हे मला ठाऊक होतं. पण एकाच दिवशी घरातली दोन नावं काढायला मन धजेना. येऊन-जाऊन असतो, असं मी सांगून टाकलं.

गेल्या आठवड्यात अमोलचा फोन आला. तो तिथल्या संसदेच्या निवडणुकीला उभा राहतोय. दुसऱ्या देशाचंही नागरिकत्व असलेला माणूस तिथे खासदार होऊ शकत नाही. अमोलने आपला भारतीय पासपोर्ट केव्हाच परत केलेला. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये मी तीस वर्षं तेच पासपोर्ट छापले, पण त्यावरून त्याला कधी बोललो नाही. आता विरोधकांनी आमच्या जेलरोडची यादी शोधून काढली होती. अमोल, वडिलांचं नाव गोरक्ष, वय एकेचाळीस. हा माणूस नक्की कुठला, असं ते विचारत होते.

"नाना, आईचं नाव काढलंत, मग माझं कसं राहिलं?"

"मीच राहू दिलं," मी म्हणालो.

 तो म्हणाला, उमेदवारी भरायला बारा दिवस उरलेत, नाव वगळा आणि त्याची पोच पाठवा. घरी कधी येशील, असं मी विचारलं.

"येईन ना. व्हिसा काढावा लागतो, एवढंच."

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत गेलो. पोरांची खिचडी होईपर्यंत बाहेर बसलो. सगळं सांगितल्यावर उज्वलाताई म्हणाल्या, "खासदाराचे वडील होणार तुम्ही, आमच्याकडे बघाल का मग?" मी हसलो. त्यांनी फॉर्म पुढे केला. नाव वगळायची कारणं त्यावर छापलेली होती. चंद्रभागेच्या वेळी मृत्यूपुढे खूण केली होती. या वेळी मी स्थलांतरापुढे पेन टेकवलं.

"काका, तेवढ्याने त्याचं काम होणार नाही."

ते मलाही कळत होतं. पेन उचललं आणि 'भारताचा नागरिक नाही' यापुढे खूण केली. सही केली.

त्यांनी पोच फाडून दिली. मग आपली वही उघडली आणि आमच्या घराचा नंबर शोधला.

"घरात आता मतदार किती लिहू, काका?"

"एक," मी म्हणालो.