ती जागा टाळता का?

“ती जागा टाळता का?” नीरजाने विचारलं, आणि बानाबाईने तिच्याकडे असं पाहिलं की नीरजाला आपल्याच तोंडाची लाज वाटली.

करमाडच्या पलीकडच्या वस्तीवर, पत्र्याच्या घरात दोघी समोरासमोर बसल्या होत्या. मनाला बसलेल्या धक्क्याची प्रश्नावली ज्याची त्याने स्वतः भरायची, असं नीरजाच्या शहरातल्या संस्थेने वर ठळक छापलं होतं. छापणाऱ्याचं काय जातं? बानाबाईचा जन्म मेंढरं राखण्यात गेला, पेन तिने कधी हातात धरलं नव्हतं. म्हणून नीरजा वाचायची आणि ती सांगेल तिथे खूण करायची.

मागच्या उन्हाळ्यात टँकर विहिरीत रिता होत असताना बायांची झुंबड उडाली आणि बानाबाईची लेक दिपाली आत पडून गेली. बानाबाई तिच्या शेजारीच उभी होती. शेंद्र्याचे कारखाने या वस्तीच्या अंगावर आले, पण विहिरीला कठडा तेव्हाही नव्हता, आताही नाही. तेव्हापासून बानाबाईची झोप उडाली होती. टँकर लांबून ऐकू आला तरी हातातलं भांडं सुटायचं. या सगळ्याला तिने ‘लई’ म्हणून उत्तर दिलं होतं. नीरजाला हायसं वाटत होतं, कारण ज्यांचा त्रास कागदावर सिद्ध होईल त्यांनाच संस्थेची गाडी डॉक्टरांकडे नेणार होती. फक्त टाळण्याचे दोन प्रश्न उरले होते, आणि त्यांतल्या एकाला तरी ‘हो’ आल्याशिवाय गाडीत जागा नव्हती.

“टाळून जाऊ कुठं?” बानाबाई म्हणाली. “पाणी तिथंच हाय. रोज जाते.”

“मग तिच्या आठवणी? त्या टाळता का?”

“लेकीला कशी टाळू, बाई? तेवढीच तर ऱ्हायली.”

नीरजाने प्रश्न फिरवून विचारला, पुन्हा विचारला. असं विचारायची परवानगी नव्हती, पण तिला राहवेना. बानाबाईला वाटलं, पोरगी आपल्याला खोटारडी ठरवतेय. “इचारा ना वस्तीत कुनालाबी. एक दिस खाडा नाय,” ती जरा तोऱ्यातच म्हणाली.

अंगणात येऊन नीरजाने संस्थेतल्या विश्वजितसरांना फोन केला, एका ठिकाणी ‘हो’ लिहू का म्हणून विचारलं. माणूस वाईट नव्हता. एका कागदात आपलं मन घातलं तर सगळेच कागद खोटे पडतील, असं त्याने शांतपणे समजावलं. त्याचं म्हणणं खरं होतं, म्हणूनच नीरजाला त्याचा राग आला. आत जाऊन तिने दोन्हीकडे ‘अजिबात नाही’वर खूण केली. गाडीत बानाबाईचं नाव आता लागणार नव्हतं.

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. बानाबाईच्या हातातला पेला पडला. तिने तो उचलून ठेवला, घागर आणि दोर घेतला आणि निघाली. नीरजाही मागोमाग गेली.

विहिरीवर बायांनी बानाबाईला वाट करून दिली. ती काठावर उभी राहिली, पोहरा सोडला आणि डोळे गच्च मिटून घेतले. पोहरा वर येईपर्यंत ती तशीच आंधळेपणाने दोर ओढत होती. नीरजाने मागून तिचा पदर मुठीत धरला.

घागरीत पाणी ओतताना बानाबाईने डोळे मिटूनच विचारलं, “भरली का, बाई?”

“नाही अजून, मावशी,” नीरजा म्हणाली.

बानाबाईने पोहरा पुन्हा आत सोडला.