बाबांचे टोल

थोरल्याने घंटेच्या कडीतून साखळी ओवली आणि हात वर केला. त्याच्या दोन माणसांनी साखळी ओढली. घंटा जमिनीपासून बोटभर सुटली, किंचित फिरली आणि थांबली. त्याने खाली वाकून तिचा तोल पाहिला.

"जपून," मागून पाळक म्हणाला.

"मी तुझ्या प्रवचनात मधे बोलतो का?" थोरला म्हणाला.

बोलण्याचा प्रश्नच नव्हता, कारण वर्षभर तो प्रवचनाला आलाच नव्हता. पाळक त्याचा सख्खा धाकटा भाऊ, आणि वडील वारल्यापासून दोघांमध्ये विस्तव जात नव्हता. आज तो आला होता तो केवळ आईच्या शब्दासाठी. चर्चच्या मनोऱ्यातली तुळई कुजली म्हणून मध्यंतरी घंटा उतरवली होती, आता नवी तुळई बसली होती. जड यंत्रे उचलून जागेवर बसवण्याचा धंदा करणारा माणूस घरातच असताना बाहेरचा कशाला, असे आईने मंडळीच्या पंचांना परस्पर सांगून टाकले होते.

भांडण घंटेचेच होते. मंडळीतले कोणी गेले, की ते माणूस जितकी वर्षे जगले तितके टोल द्यायचे, ही इथली जुनी रीत. दुकानात, शिवणयंत्रावर, चुलीपाशी असलेली माणसे हातातले काम थांबवून टोल मोजत आणि मोजता मोजता कोण गेले ते ओळखत. हे टोल आयुष्यभर त्यांच्या वडिलांनी दिले. पेशाने ते छपरे दुरुस्त करणारे. अंगात ताप असला तरी दोर ओढायला येत, आणि एकट्यादुकट्या म्हातारीचे छप्पर असले की मजुरी मागायला हमखास विसरत. पण चर्चमध्ये बाकावर ते कधी बसले नाहीत. माझे बूट चिखलाचे, म्हणत, आणि उपासना चालू असेपर्यंत मनोऱ्याच्या पायरीवर बसून राहत. शेवटच्या आजारात पंच उशाशी जाऊन विश्वासाची कबुली द्या म्हणाले, तेव्हा ते हसले. आधी मला तुमच्या त्या गळक्या पन्हळीचं बघू द्या, म्हणाले. पन्हळ तशीच राहिली आणि कबुलीही राहिली.

टोल द्यायचे ते कबुली दिलेल्यांसाठीच. पंचांनी पाळकाकडे पाहिले. पाळकाने खाली मान घालून नाही म्हटले. साऱ्या गावासाठी घंटा वाजवणारा माणूस मुकाट्याने पुरला गेला.

तेव्हापासून दोघे भाऊ आईच्या टेबलाशी बसले की जेवण बाजूला राही. थोरल्याने सत्कृत्यांनी माणूस तरतो अशी बायबलची वचने फेकावी, धाकट्याने विश्वासाने तरतो अशी. दोघांनाही एकाच आईने एकाच पुस्तकातून शिकवलेले, त्यामुळे शस्त्रे तुल्यबळ होती. एवढं पाठ करून घेतलं हीच माझी चूक, असे आई म्हणे. एकदा मात्र धाकट्याने आवाज न चढवता विचारले होते, "आपल्याच हातांनी माणूस तरत असेल, तर प्रभू क्रूसावर कशासाठी गेला, दादा?"

थोरल्याला उत्तर नकोच होते, बाबांचे टोल हवे होते. आज कामाला हात लावण्यापूर्वी त्याने तेच पुन्हा मागितले होते. घंटा चढली की पहिले टोल बाबांचे. पाळक म्हणाला होता, तीन टोल होतील, मग चहा होईल.

दुपारपर्यंत घंटा मनोऱ्याच्या पोकळीतून वर सरकत राहिली. थोरला तुळईपाशी जाऊन बसला होता, खाली त्याची माणसे साखळी ओढत होती. अंगणात मंडळी जमू लागली. आईने पाण्याची बाटली पाळकाच्या हातात दिली आणि दादाला नेऊन दे म्हणाली. इतकी माणसे मोकळी उभी असताना पाळकच कशाला, असे तिला विचारण्याची कोणाची छाती नव्हती.

पाळक धापा टाकत वर पोहोचला तेव्हा घंटा तुळईला टेकली होती. चार बोल्टांपैकी तीन बसले होते. चौथ्याची जागा पलीकडच्या कोपऱ्यात होती, भिंत आणि घंटा यांच्या मधल्या चिंचोळ्या फटीत, आणि त्याखाली उघडी पोकळी. थोरल्याचे पोट तिथे शिरेना. प्रयत्न करताना त्याने शर्ट फाडून घेतला होता. खालच्या माणसांना वर बोलवावे तर साखळी कोण धरणार?

"बारक्या," तो म्हणाला. लहानपणीचे हे नाव कितीतरी दिवसांनी त्याच्या तोंडून निघाले. "तू मावशील तिथं."

पाळकाने खाली पाहिले. तिथपासून थेट जमिनीपर्यंत काही नव्हते. लहानपणी हा खुर्चीवर चढायलाही घाबरायचा, म्हणून बाबांनी त्याला छपरावर कधी नेलेच नाही. त्याने झगा काढून ठेवला आणि तो दोन्ही हात वर करून उभा राहिला. थोरल्याने त्याच्या कमरेला दोर बांधला, तुळईला वेढा देऊन दुसरे टोक आपल्या हाती घेतले. पाळक पोकळीवर टाकलेल्या फळीवर उतरला आणि भिंतीला पाठ घासत पलीकडे गेला. त्याचे ओठ पांढरे पडले होते, पाना दोनदा घसरला, पण बोल्ट बसला. अजून आवळ, थोरला सांगत राहिला, अजून थोडा, आता ये.

परत आल्यावर दोघेही तिथेच लाकडी जमिनीवर बसून राहिले. थोरल्याने बाटली आधी त्याला दिली.

"एकदाही गाठ ओढून पाहिली नाहीस," तो म्हणाला. "माझी माणसंसुद्धा बघतात."

"तू बांधली होतीस ना."

"म्हणजे डोळे मिटून."

"डोळे मिटून कसं? लहानपणापासून बघतोय तुझ्या गाठी. आणि तुझ्या तरी कुठल्या, बाबांच्याच त्या. त्यांच्या हातच्या गाठीवर कुणीही..."

थोरला एरवी शब्दाला शब्द भिडवणारा, आणि अशी आयती संधी त्याला पुन्हा मिळाली नसती. त्याने ती सोडून दिली. दोर सोडायला त्याने हात पुढे केला, तेव्हा पाळकाने कमरेची गाठ तळहाताने झाकून धरली.

"विश्वासानंच तारण होतं, हे मी रविवारी पुन्हा सांगणार आहे," पाळक म्हणाला. "त्यात बदल नाही."

"माहीत आहे मला."

"पण बाबांचा विश्वास मी त्यांच्या तोंडात शोधत बसलो, दादा."

थोरला झरोक्यातून बाहेर बघू लागला. त्याला रडू येत होते आणि धाकट्यासमोर रडायची सवय नव्हती. मग त्याने सांगितले, की तू फळीवर होतास तेव्हा मी देवाचा धावा करत होतो, पण हे खाली कुणाला कळता कामा नये. त्यावर दोघेही हसले.

पाळक झगा वरच विसरून खाली आला. धुळीने मळलेल्या शर्टातच त्याने प्रार्थना केली, ती नेहमीपेक्षा आखूड झाली, आणि मनोऱ्यात जाऊन दोर हातात घेतला. पहिला टोल पडला तेव्हा अंगणभर टाळ्या झाल्या. दुसरा झाला, तिसरा झाला. चहाच्या किटलीभोवती कप मांडले जाऊ लागले.

चौथा टोल पडला. मग पाचवा.

पाळकांना वाजवायची गोडी लागली, असे कोणीतरी हसून म्हणाले. पण टोल थांबेनात, आणि जुन्या सवयीने लोकांची बोटे आपोआप मोजू लागली. कोण गेलं, असे विचारत शेजारच्या गल्लीतली माणसे आली. न्हावी वस्तरा हातात घेऊनच आला. विशी उलटली, तिशी उलटली, चाळिशी मागे पडली. मग एका म्हातारीने रस्त्यापलीकडच्या आपल्या छपराकडे पाहिले आणि ती खुर्चीवरून उठून उभी राहिली. तिच्यामागून एकेक करत सगळेच उठले. नाव कोणी उच्चारले नाही, तशी गरजही नव्हती.

पंचांमधले सर्वांत ज्येष्ठ गृहस्थ लगबगीने मनोऱ्याकडे निघाले. रीत म्हणजे रीत. आईने काठी त्यांच्या वाटेत आडवी धरली.

"मधे बोलू नका," ती म्हणाली. "माझा आकडा चुकेल."

गृहस्थ घुटमळले. त्यांच्याही घराचे छप्पर त्याच हातांनी घातले होते. शेवटी त्यांनी टोपी काढली आणि ते तिच्याशेजारी उभे राहिले. आईचे गाल ओले होते आणि मान ताठ होती. स्वतःच्या लग्नातही ती इतक्या दिमाखाने उभी राहिली नसेल.

मनोऱ्यात पाळकाचे तळहात सोलून निघाले होते. बाबांचा दोर त्याने आयुष्यात कधी ओढला नव्हता, आणि साठाव्या टोलाच्या आसपास त्याचे खांदे भरून आले. दोर निसटणार एवढ्यात मागून दोन जाड हात आले आणि त्याच्या हातांच्या वर घट्ट बसले.

"सोड म्हणत नाही," थोरला म्हणाला. "पण एवढा जोर नको लावू. बाबा तिला नुसतं बोलवायचे."

पाळकाने मनगटे सैल सोडली. घंटा पुन्हा वाजली, या वेळी मोकळी, आणि बाबांची उरलेली वर्षे दोघांनी मिळून वाजवली.