चौदा तारखेचं पान

हवामान कक्षाच्या भिंतीवर दोन घड्याळं होती. एक इथल्या वेळेचं, दुसरं जागतिक वेळेचं, पश्चिमेकडच्या या देशात आठ तास पुढे धावणारं. जगभर हवामानाच्या नोंदी त्या दुसऱ्या घड्याळाप्रमाणे होतात, म्हणजे एका देशाचं विमान दुसऱ्या देशात गेलं तरी कुणाचा घोळ होऊ नये. इथे दुपारचे चार वाजले की त्या घड्याळात रात्रीचे बारा वाजत, तारीख बदले आणि रजिस्टरचं पान उलटलं जाई. कक्षात काम करणाऱ्यांना याचं काहीच वाटत नसे. बाहेरच्या माणसाचं मात्र डोकं गरगरायचं.

तिसरं घड्याळ होतं ते ढगताईच्या डोक्यात, आणि ते सहा तासांच्या बसप्रवासावरच्या एका दोन खोल्यांच्या घरात चालायचं. आता आई कपडे वाळत घालत असेल. आता बाबा शाळेतून आले असतील, चपला दारातच काढून पायरीवर बसले असतील. बारा वर्षं हवाई दलाच्या तळावर ढग, वारा आणि धुकं मोजणाऱ्या या सार्जंटबाईला सगळा तळ ढगताई म्हणायचा. तिचीही त्याला हरकत नव्हती. पण ढगांकडे बघता बघता ती घराकडेच बघत असायची, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

तिचे बाबा शाळेत शिपाई होते. घंटा द्यायचं काम त्यांचं, आणि आयुष्यात एकदाही उशिरा घंटा दिली नाही याचा त्यांना कोण अभिमान. निवृत्त झाल्यावरही शाळा सुटायच्या वेळेला त्यांचा उजवा हात आपोआप हलायचा. दर रविवारी फोनवर ते लेकीला पहिला प्रश्न विचारत, "काय गं, तिकडे आभाळ कसं आहे?" तिने सांगितलेलं आभाळ मग ते गल्लीभर सांगत फिरत. आई म्हणायची, "एवढं कौतुक माझ्या तब्येतीचं केलं असतंत तर मी शंभर वर्षं जगले असते."

आता बाबा नव्हते. आई त्या दोन खोल्यांत एकटी होती. घराजवळच्या तळावर हवामान कक्षात एक जागा रिकामी होणार होती आणि ढगताईने बदलीचा अर्ज केला होता. तिला दुसरं काहीही नको होतं. संध्याकाळी काम संपवून घरी जावं, दार वाजवावं आणि आईने आतून "आले, आले" म्हणावं, एवढंच हवं होतं. ती जागा मिळणार की नाही हे ठरणार होतं वार्षिक मूल्यांकनावरून.

आणि मूल्यांकन आलं ते असं.

"चौदा तारखेच्या संध्याकाळी घरून फोन आल्यावर कामाची जागा सोडून निघून गेली. त्या तारखेच्या पानावर तिच्या हातची एकही नोंद नाही. कर्तव्यापेक्षा घराला अधिक महत्त्व देते. बदलीसाठी शिफारस नाही."

लिहिणारे नवे साहेब दोन महिन्यांपूर्वी वाहन विभागातून आले होते. जुने साहेब बदलून गेले, त्यांच्या टेबलावरच्या फायली नव्या साहेबांच्या गळ्यात पडल्या, आणि त्यांनी त्या झपाट्याने निकालात काढल्या. टेलिफोन एक्स्चेंजच्या वहीत घरून आलेल्या फोनची नोंद होती, पाच वाजून दहा मिनिटं. रजिस्टरचं चौदा तारखेचं पान उघडलं तर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत इतरांचीच अक्षरं. फोन आला, बाई गेली. साहेबांनी दोन अधिक दोन केले, आणि उत्तर पाच आलं तरी त्यांना शंका आली नाही.

ढगताईने तो कागद उभ्यानेच वाचला.  मग तिने तो पुन्हा वाचला, आणि या वेळी "निघून गेली" या दोन शब्दांपाशी तिचे डोळे थबकले. ती गेली नव्हती. गेली असती तर!

त्या दिवशी पाच वाजून दहा मिनिटांनी फोनवर आई म्हणाली होती, "यांचं काही खरं नाही. तुझं नाव घेतायत. लगेच निघ." आणि ढगताई म्हणाली होती, "निघतेच." सहाची बस पकडली असती तर बारापर्यंत ती घरी पोचली असती. पण फोन ठेवून ती बाहेर आली तेव्हा धावपट्टीचं पलीकडचं टोक दिसेनासं झालं होतं. धुकं अंगावर यावं तसं येत होतं. पुरातून सोडवलेल्या जखमींना घेऊन एक विमान निघालं होतं, त्यात चौदा माणसं होती, आणि कक्षात ती एकटी. दर दहा मिनिटांनी बाहेर जायचं, कुठवरचा दिवा दिसतो ते बघायचं, आत येऊन नियंत्रण मनोऱ्याला कळवायचं, रजिस्टरमध्ये लिहायचं. साडेआठला धुकं थोडं फाटलं आणि विमान उतरलं. दुपारी चारला सुरू झालेली पाळी दहाला संपली. त्यानंतर बस नव्हती. बाबा पहाटे तीनला गेले. ती दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली.

आईला तिने सांगितलं, "सोडलं नाही गं मला. रजाच दिली नाही." आईने त्या अनोळखी साहेबांना वर्षभर शिव्यांची लाखोली वाहिली. खरं तर ढगताईने रजा मागितलीच नव्हती.

अपिलाला तीस दिवसांची मुदत होती. ती गेली हेडक्लार्ककडे. त्यांना सगळे मामा म्हणत. नियमांची पुस्तकं कोळून प्यालेला माणूस, पण चष्मा नेहमी हरवलेला आणि नेहमी कपाळावर सापडणारा. तिने चार पानी अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. मामांनी वाचला आणि लाल पेन्सिल काढली.

"'धादांत खोटं'? काट. 'गैरसमज झालेला दिसतो' असं लिही."

"पण मामा, खोटंच आहे ते."

"असेना का. साहेबांना खोटारडं म्हटलंस तर ते भांडायला उभे राहतील. गैरसमज म्हटलंस तर त्यांना मागच्या दाराने सटकता येईल. तुला भांडण हवंय का बदली?"

"बदली."

"मग गप लिही."

चार पानांचं एक पान झालं. सोबत जोडायचे कागद मामांनी सांगितले. पंधरा तारखेच्या पानाची प्रत, कारण त्या संध्याकाळची तिची प्रत्येक नोंद जागतिक वेळेप्रमाणे पंधराच्या पानावर होती. पाळीचा तक्ता. फाटकावरच्या वहीचा उतारा, बाहेर पडल्याची वेळ दहा वाजून वीस मिनिटं.

"आणि शेवटी एक ओळ घाल," मामा म्हणाले. "'मी त्या दिवशी रजा मागितली नव्हती.' हा तुझा हुकमाचा पत्ता. जिला जायचं होतं तिने रजा तरी मागितली असती, नाही का?"

ढगताईचं पेन थांबलं. "ती ओळ नको, मामा."

"का गं? खरी नाही?"

"खरी आहे."

मामांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि तिच्याकडे नीट पाहिलं.  थोड्या वेळाने तिनेच ती ओळ लिहिली. लिहिताना अक्षर जरा वाकडं गेलं, तसंच राहू दिलं.

मग सात महिने काहीच झालं नाही. सरकारी कागद कुठे जातात आणि तिथे काय खातात-पितात ते एक देवालाच माहीत. ढगताई पाळ्या करत राहिली. रविवारी फोन आईच उचलायची, आणि आभाळाचं कुणी विचारायचं नाही. एकदा न राहवून ढगताई आपणहून म्हणाली, "आज इथे आभाळ अगदी निरभ्र आहे."  मग आई म्हणाली, "बरं. सांगते हं." कुणाला सांगणार होती कोण जाणे. त्या दिवशी फोन ठेवल्यावर ढगताई पाण्याचा नळ सोडून ढसाढसा रडली.

शेवटी एक वरिष्ठ साहेब चौकशीला आले. केस पिकलेले, बोलणं कमी. त्यांनी रजिस्टर मागितलं.

"साहेब, पाच मिनिटं थांबता का?" ती म्हणाली. "चार वाजतायत."

ते थांबले. चार वाजता तिने बाहेरच्या पांढऱ्या पेटीतला तापमापक वाचला, वारा बघितला, ढग बघितले आणि आत आली. भिंतीवरच्या दुसऱ्या घड्याळात बारा वाजले होते. त्यांच्या डोळ्यांदेखत तिने रजिस्टरचं पान उलटलं, वर उद्याची तारीख घातली आणि आजच्या दुपारची नोंद केली.

साहेबांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा पानाकडे. "अस्सं," ते म्हणाले. मग मागची पानं चाळत त्यांनी ती पंधरा तारीख काढली. दर दहा मिनिटांची नोंद, साडेआठपर्यंत, एकाच हातची.

"रजा का मागितली नाहीत?"

"माणसं आकाशात होती, साहेब."

"जायचं होतं तुम्हाला?"

 तिने होकारार्थी मान हलवली. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं आणि काही न लिहिता रजिस्टर मिटलं.

निकाल आला. मूल्यांकन रद्द, नवी शिफारस, बदली मंजूर. "अर्जदार त्या संध्याकाळी कामाच्या जागी हजर होती, घरी गेली नव्हती, तसेच तिने रजाही मागितली नव्हती, हे सिद्ध झाले आहे." मामांनी सगळ्या ऑफिसला चहा पाजला. ढगताई हसली, सगळ्यांचे आभार मानले. घरी गेली नव्हती हे आता सहीशिक्क्यानिशी सिद्ध झालं होतं, आणि ते सिद्ध करायला तिने स्वतःच अर्ज लिहून सात महिने वाट पाहिली होती.

घरी पोचली तेव्हा संध्याकाळ होत होती. तिने दार वाजवलं. आतून "आले, आले" ऐकू आलं आणि तिला उंबऱ्यातच भरून आलं.

जेवणं झाल्यावर तिने दोन्ही कागद आईपुढे ठेवले. या घरात राहायचं तर रजा नाकारल्याचं ते खोटं उशाशी घेऊन तिला झोपता येणार नव्हतं. आधी निकाल, मग रद्द झालेलं मूल्यांकन, त्यावर लाल शिक्का मारलेला. आईने बाबांचा चष्मा लावून वाचलं. तिचा स्वतःचा कधीच फुटला होता.

"रजा मागितलीच नव्हतीस."

"नाही."

"विमानात किती जण होते?"

"चौदा."

"उतरले ना नीट?"

"उतरले."

आईने चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाली, "तू झालीस त्या दिवशी हे शेवटची घंटा देऊन मग दवाखान्यात आले होते. मी आठ दिवस बोलले नव्हते." ती किंचित हसली. "बापाचीच लेक."

तिने निकालाचा कागद लेकीकडे परत सरकवला. दुसरा मात्र हातातच ठेवला, चार घड्या घातल्या आणि उठून कपाटातल्या बाबांच्या चष्म्याच्या घरात ठेवला.

"आई, तो खोटा आहे. रद्द झालाय."

"असू दे," आई म्हणाली. "यात 'निघून गेली' लिहिलंय. ते सारखे विचारत होते, निघाली का, निघाली का. मी त्यांना सांगितलं होतं, फोन ठेवल्या ठेवल्या निघाली, वाटेत आहे. ऐकलं आणि शांत झोपले."