खडे: शून्य

सुगतने पाठवलेल्या फोटोत स्टीलच्या ताटाच्या काठावर सात खडे ओळीने मांडले होते. आकार कळावा म्हणून शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवलं होतं. दुसऱ्या फोटोत पोत्याला शिवलेली चिठ्ठी होती. तूरडाळ, लॉट चार, जिंतूर. खाली तपासणाऱ्याच्या जागी माझी सही.

सुगत माझा धाकटा भाऊ. सीमेवरच्या एका ठाण्यावर शिपाई आहे. त्याच्या दलाला जाणाऱ्या रसदेतली काही डाळ एका कंत्राटदारामार्फत आमच्या मिलमधून जाते, आणि ती खाण्याजोगी आहे असा दाखला मी देते. हा योगायोग आतापर्यंत आम्हा दोघांना गमतीचा वाटत होता.

रेंज मिळाली तेव्हा त्याने फोन केला.

"ताई, एकाचा दात गेला. लंगरमधी जेवायला बसलेले सगळे विचारायलेत, डाळ कुठली म्हणून. मी गप बसलो. परभणीची हाय म्हणलो असतो तर तेच खडे मला मारले असते."

"पोतं आधी कुणी उघडलेलं नव्हतं ना?"

"शिलाई आमच्यासमोर उसवली. ताई, तू डाळ बघतीस का नुसती सही करतीस?"

"बघते," मी म्हणाले.

फोन बंद झाला. रेंज गेली की त्याने ठेवला, ते समजलं नाही.

मिलच्या लॅबमध्ये मी एकटीच असते. एक वजनकाटा, ओलावा मोजायचं यंत्र, एक शेगडी. प्रत्येक लॉटचा नमुना केशरबाई डब्यातून आणून देते. ती मिलमधली सगळ्यात जुनी कामगार. डब्यातली पाचशे ग्रॅम डाळ मी पांढऱ्या ट्रेवर पसरते आणि खडे, माती, टरफलं वेगळी काढून तोलते. कंत्राटदाराचा माणूस येतो तोही त्याच डब्यातली निम्मी डाळ पिशवीत भरून, सील करून नेतो. गोदामातल्या धुळीने त्याला शिंका येतात, म्हणून तो आत जात नाही.

मी वही उघडली. लॉट एक, खडे शून्य. दोन, शून्य. तीन, शून्य. चार, शून्य. ओलावा दर वेळी वेगळा होता, तुकड्यांचं प्रमाण वेगळं होतं. खड्यांचा आकडा तेवढा हलला नव्हता. खळ्यावरून मोंढ्याच्या बाजारात आणि तिथून मिलमध्ये आलेल्या मालात कधीतरी एखादा खडा निघतोच. चार वेळा शून्य आलं की वजनकाट्याकडे, नमुन्याकडे आणि स्वतःकडे संशयाने बघायचं, हे मी एम.एस्सी.ला शिकले होते. प्रत्यक्षात ते शून्य लिहिताना मला बरं वाटलं होतं.

म्हणजे मी तपासलेली डाळ एक आणि गाडीत चढलेली डाळ दुसरी. मला दुसरं काही सुचेना.

अकराच्या सुमाराला मालक राजेश्वरअप्पा दारात आले. कपाळावरचं भस्म अजून ताजं होतं.

"मॅडम, पाचवा लॉट आज चारला निघायलाय. दाखला तेवढा करून ठेवा."

"नमुना आलेला नाही अजून."

"येईल की. तुमचा आकडा काय बदलणार हाय?" ते हसले.

कालपर्यंत मीही हसले असते. आज ते वाक्य मी मनात धरून ठेवलं. नमुन्याच्या आधी दाखला मागायची त्यांची सवय जुनी होती. ती मला आजच खटकली. गोदामाचं शटर दुपारी अर्धं खाली का असतं, हेही आजच विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. विचारलं असतं तर ते सावध झाले असते.

जेवणाच्या सुट्टीत पिशवी आणि चमचा घेऊन मी गोदामात गेले. गाडीचा ड्रायव्हर बन्सीधर पोत्यांच्या थप्पीवर आडवा झाला होता. त्याने एक डोळा उघडला.

"मॅडम, इकडं कशा?"

"पोती मोजते."

"मोजा. कमी निघाली तर उठवा. जास्त निघाली तर झोपू द्या."

पाचव्या लॉटच्या दहा पोत्यांच्या कोपऱ्यातून मी थोडी थोडी डाळ काढली. लॅबमध्ये येऊन दार लावलं आणि ट्रेवर पसरली. पाचशे ग्रॅममध्ये अकरा खडे. पुन्हा मोजले, अकराच.

दोन वाजता केशरबाई डबा घेऊन आली. त्या डब्यातल्या पाचशे ग्रॅममध्ये एकही खडा नव्हता.

"मावशी, हा नमुना कुठून काढला?"

"गोदामातून. दुसरा कुठून काढीन?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

तिला कुणीतरी एक चांगली थप्पी दाखवून ठेवली असणार. मी म्हणाले, हा डबा सांडला असं समजा, दुसरा काढून आणा. ती गेली, आणि मी तिच्या मागे अंतर ठेवून गेले. तिने पोत्यांत नमुना काढायची नळी खुपसली. पोती तीच होती, मी दुपारी उघडलेली. डबा भरला. मग ती लॅबकडे न येता मागच्या पडवीत वळली.

मी पोचले तेव्हा ती सूप मांडीवर घेऊन बसली होती. डाळ पाखडून झाली होती, आता बोटांनी खडे वेचत होती. इतक्या भराभर की माझ्या ट्रेवर मला कधी जमलं नसतं.

"मावशी, हे काय करायलात?"

"निवडायले."

"कुणी सांगितलं?"

"कोण सांगंल? खड्याची डाळ दुसऱ्याच्या हातात देत्यात का?"

"पण मला तशीच पाहिजे. पोत्यातली, जशी आहे तशी."

"अन् शिजिवता कशी मंग? दाताखाली खडे घेऊन?" तिने वर बघितलं. "पहिल्या दिवशीच बघितलं मी. एकटी पोरगी येलदरीहून जीपनं येती, डब्यात भाकर अन् ठेचा, दुपारी शेगडीवर वाटीभर डाळ शिजवून खाती. तवापासून निवडून देते. कुणाला बोलले न्हाई. अप्पा म्हणले असते, कामाच्या टायमाला काय लावलंय."

"मी ती खात नाही, मावशी. किती मिनिटांत शिजते ते बघते."

"मंग शिजल्या डाळीचं काय करता?"

"टाकून देते."

"टाकता?" तिने सूप खाली ठेवलं आणि मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. सकाळपासून मी सगळ्यांकडे जशी बघत होते, तशीच.

पडवीतून मी थेट अप्पांच्या केबिनमध्ये गेले. जे झालं ते सांगितलं आणि विचारलं, "खडे वेगळे करणाऱ्या यंत्राची जाळी फाटली आहे का?"

"असंल. बघायला लावतो."

त्यांच्या पाठीमागे कपाटाला टेकवून एक नवी जाळी उभी होती, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. प्लॅस्टिकवर धुळीचा थर होता. माझी नजर तिथे गेल्याचं त्यांनी बघितलं.

"संक्रांतीच्या आधीच आणली," ते म्हणाले. "बसवायची तर तीन दिवस मिल बंद. अन् तुमचा दाखला शून्य म्हणत होता. मला वाटलं, जुनीवर भागायलंय."

ते खरं बोलत असतील. नसतीलही. माझ्या वहीने त्यांना दोन्हीसाठी जागा दिली होती.

"आता असं करू," ते आवाज खाली आणून म्हणाले. "भरायला घेतलेली ही गाडी खाली करतो. जाळी बसवतो. केशरबाईला उद्यापासून घरी बसवू. पण मागचे चार लॉट उकरू नका. कंत्राट जाईल, चाळीस बायांचं काम जाईल. अन् दाखल्यावर सही तुमची हाय मॅडम, माझी न्हाई."

"म्हणूनच," मी म्हणाले.

लॅबमध्ये येऊन मी कंत्राटदाराला आणि चिठ्ठीवर पत्ता असलेल्या दलाच्या डेपोला मेल लिहिला. चारही लॉटचे नमुने काढताना मी हजर नव्हते. तपासलेली डाळ आधीच निवडलेली होती. चारही दाखले रद्द समजावेत आणि उरलेल्या पोत्यांतली डाळ निवडल्याशिवाय वापरू नये. कुणी निवडली ते लिहिलं नाही. त्या वाक्यापाशी मी बराच वेळ घालवला, कारण कर्ता गाळला की माहिती लपते, हे मला कळतं. पण नमुन्यावर नजर ठेवणं हे माझं काम होतं, केशरबाईचं नव्हे. शेवटी "ही चूक माझी" असं घातलं आणि पाठवून दिला. नोकरी राहील असं मला वाटत नव्हतं.

साडेचारला गाडी खाली होऊ लागली. केशरबाई दारात आली.

"माझं नाव घातलं का त्यात?"

"नाही."

"अप्पा म्हणायलेत, घातलंय."

"नाही घातलं, मावशी."

ती हलली नाही. मी मेलची प्रत काढून तिच्या हातात दिली. तिला वाचता येत नाही, हे मला माहीत होतं. तरी तिने कागद वरपासून खालपर्यंत बघितला. मग घडी घालून अंगणापलीकडे बन्सीधरकडे गेली. त्याने बोट ठेवत ठेवत मोठ्याने वाचलं. संपल्यावर तिने त्याला काहीतरी विचारलं, आणि तो पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागला. ती कागदाकडे नाही, त्याच्या तोंडाकडे बघत होती.

दुसऱ्यांदा वाचून होईपर्यंत मी लॅबच्या दारात उभी राहिले.