पाच ओळींची चिठ्ठी

आमच्या दवाखान्यात नंबर देण्याचं काम माझं. आत आमचे हे पेशंट तपासायचे, बाहेर मी पेशंट सांभाळायचे, आणि खरं सांगू का, अवघड काम माझंच होतं. तापलेला माणूस परवडला, ताटकळलेला नको.

यांची चिठ्ठी पाच ओळींची. सर्दी असो, खोकला असो, अंग मोडून आलेलं असो, ओळी पाच. पहिली अँटिबायोटिकची. दुसरी सर्दीच्या गोळीची. तिसरी खोकल्याच्या बाटलीची. चौथी, पहिलीनं पोटात जळजळ होऊ नये म्हणून. आणि पाचवी ताकदीच्या गोळ्यांची, म्हणजे वरच्या चारांतून माणूस सावरावा म्हणून. एकदा घाईत यांच्याकडून एक ओळ राहून गेली, तर आमचा बसड्रायव्हर बाहेर येऊन ती चिठ्ठी उलटून मागे काही लिहिलंय का ते शोधत उभा राहिला. शेवटी आत जाऊन राहिलेली ओळ घेऊन आला, तेव्हा कुठे त्याला बरं वाटायला लागलं.

टेबलावरचं पेन, भिंतीवरचं घड्याळ, कागदांवर ठेवायचा काचेचा गोळा, सगळ्यांवर कुठल्या ना कुठल्या गोळीचं नाव. औषध कंपनीचा माणूस बॅग घेऊन यायचा, यांच्या तब्येतीची माझ्यापेक्षा जास्त चौकशी करायचा आणि जाताना काहीतरी ठेवून जायचा. हे म्हणायचे, "मी काय पेन बघून औषध लिहितो?"

"छे हो," मी म्हणायचे, "पेन बघून कशाला? हातात धरून लिहिता."

रस्त्यापलीकडे, अगदी नाकासमोर, दुसरा दवाखाना. तो आमच्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला. त्या डॉक्टरांना आमच्या घरात नाव नाही, नुसतं 'समोरचा'. "समोरच्याला येत काही नाही, नुसत्या गोळ्या चारतो लोकांना," असं हे पाच ओळी लिहिता लिहिताच म्हणायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

तर असं आमचं बरं चाललेलं असताना लेक डॉक्टर होऊन घरी आली.

यांचे गुडघे आता कुरकुरायला लागले होते. खुर्ची तिला द्यावी आणि आपण सकाळी झाडांना पाणी घालावं, असं यांच्या मनात होतं. पण लांबच्या शहरातलं एक मोठं हॉस्पिटल तिला बोलवत होतं, आणि ते उत्तरासाठी महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होतं. लेक मला म्हणाली, "आई, मला इथंच बसायचंय. पण बाबांसारखी चिठ्ठी मी लिहिणार नाही. गरज नसेल तिथं औषध देणार नाही. तरीही लोक आले, तर राहते. नाही आले, तर जाते."

एकुलती एक पोर. वर्षानुवर्षं वसतिगृहाच्या पलंगावर झोपून आता कुठं घरी आलेली. माझा जीव टांगणीला लागला. मी यांना बजावलं, की महिनाभर आतल्या खोलीत पाऊल टाकायचं नाही आणि तोंडही उघडायचं नाही. हे कबूल झाले, म्हणजे पहिल्या गोष्टीला.

लेक तपासायची मात्र मन लावून. घसा बघायची, कान बघायची, पाठीवर नळी ठेवून श्वास ऐकायची, घरी कोण कोण आजारी आहे ते विचारायची. मग सांगायची, "ही साधी सर्दी आहे. अँटिबायोटिकचा हिच्यावर काही उपयोग नाही. गरम पाणी प्या, मिठाच्या गुळण्या करा, झोप काढा. ताप आला तर ही एक गोळी. पण दम लागला, छातीत दुखलं किंवा ताप उतरेना झाला, तर लगेच या. परत यायची फी नाही."

पहिल्यांदा शिवणकाम करणाऱ्या बाई आत गेल्या. बाहेर आल्या त्या अगदी हळव्या होऊन.

"गोड आहे हो तुमची मुलगी. एवढा वेळ तपासलं, पण काही सापडलंच नाही बिचारीला."

"अहो, सापडलं ना. सर्दी आहे म्हणाली ना?"

"ती मलाही माहीत होती. औषध कुठंय?"

आणि खिडकीतून मी बघते, तर बाई रस्ता ओलांडून थेट समोर. त्यांच्या मागून बसड्रायव्हर. मग निवृत्त मास्तर, ते तर जाताना माझी नजर चुकवून गेले. समोरच्याचा बाक भरत चालला आणि आमचा रिकामा होत गेला. पुढं पुढं तर आमच्याकडं औषधालासुद्धा पेशंट उरला नाही. मी नंबरांच्या पट्ट्या नीट लावायचे, पुन्हा विस्कटायचे, पुन्हा लावायचे.

"मी सांगितलं होतं," हे जेवताना म्हणाले. "माणसाला रोग नको असतो, पण औषध हवं असतं. चिठ्ठी लांब असली की आपल्याकडं लक्ष दिलं असं त्याला वाटतं."

"लक्ष मी देतेच आहे, बाबा," लेक म्हणाली.

"ते त्याला दिसत नाही. ओळी दिसतात." एवढं बोलून यांनी जी शिंक दिली, ती शेजारच्या घरात ऐकू गेली असेल.

सकाळी उठले ते लाल नाक घेऊनच. आमच्या यांना सर्दी म्हणजे घरात राजा आजारी. लेकीनं यांना खुर्चीत बसवून अगदी शास्त्रशुद्ध तपासलं. छाती साफ, ताप नाही, श्वास व्यवस्थित. मग तिनं सांगितलं, "गरम पाणी, गुळण्या, झोप."

यांनी चिठ्ठीसाठी हात पुढं केला. "बस? एवढंच?"

"एवढंच."

"अगं, माझं वय बघ! साधी सर्दी आहे का ही? कणकण आहे मला आतून. एखादी स्ट्राँग गोळी लिही की."

"बाबा, तुम्ही डॉक्टर आहात."

"आत्ता मी आजारी आहे!" हे ओरडले, आणि चादर डोक्यावरून घेतली.

दुपारनंतर मी खोलीत डोकावले तर पलंग रिकामा. मफलर जागेवर नाही, टोपीही नाही. मनात शंकेची पाल चुकचुकली. खिडकीशी गेले. समोरच्याच्या दारात टोपी कपाळापर्यंत ओढून, मफलर नाकावर गुंडाळून एक गृहस्थ चोरासारखे आत शिरत होते. चाल मात्र लपत नव्हती. बाकावरची सगळी माणसं एकदम उठून उभी राहिली आणि बसड्रायव्हरचा आवाज इकडंपर्यंत आला, "या, मोठे डॉक्टर, बसा बसा! आमच्याआधी तुम्ही जा!"

मी चपला उलटसुलट घालून धावले.

पोचले तोवर समोरच्यानं यांना आत नेलं होतं. मीही घुसले. इतक्या वर्षांत मी त्याला पहिल्यांदाच जवळून बघत होते. चांगला सालस माणूस, कपाळाला घाम फुटलेला. यांच्यासारख्या वडीलधाऱ्या डॉक्टरला तपासायचं म्हणून त्यानं नळी आधी उलटीच कानाला लावली. "बसा वहिनी," म्हणाला आणि लिहायला लागला. एक ओळ, दोन, तीन, चार, पाच.

यांनी चिठ्ठी वाचली. नाक पुसलं. पुन्हा वाचली.

"अहो, ही तर माझी चिठ्ठी आहे!"

"तुमचीच, सर," तो खाली मान घालून म्हणाला. "नवा आलो तेव्हा मी दोन ओळी लिहायचो. पेशंट तुमच्या चिठ्ठ्या आणून माझ्यापुढं नाचवायचे, बघा ते केवढं देतात! शेवटी मी ती पाठच केली. तुमच्या धास्तीनं लिहितो मी एवढं."

"माझ्या धास्तीनं?" हे ताडकन उठले. "अहो, पाचवी ओळ मी तुमच्यामुळं सुरू केली! तो बॅगवाला म्हणाला, समोरचे सगळ्यांना ताकदीच्या गोळ्या देतात, तुमचे पेशंट तिकडं जातील."

"मला तो म्हणाला, की तुम्ही देता!"

मला हसू आवरेना. मी समोरच्याला विचारलं, "भाऊजी, तुम्हाला स्वतःला सर्दी झाली की काय घेता?"

तो ओशाळला. "गरम पाणी पितो, वहिनी. आणि झोपतो."

"आणि तुम्ही हो?" मी यांच्याकडं वळले. "इतक्या वर्षांत घरात कधी एक तरी गोळी घेतलीत?"

हे खुर्चीत बसले. "नाही घेतली," म्हणाले. "पण तेव्हा डॉक्टर मी होतो. आज पहिल्यांदा पेशंट झालो, आणि भीती वाटली गं. काहीतरी मोठं हवंसं वाटलं."

चिठ्ठी तिथंच टेबलावर ठेवून आम्ही निघालो. बाहेर बाकावर सगळे कान टवकारून बसले होते, आणि मला कळलं, की व्हायचं ते नुकसान होऊन गेलंय. आम्ही रस्ता ओलांडेपर्यंत बातमी आमच्याही पुढं गेली होती: छोट्या डॉक्टरच्या औषधावर तिच्या बापाचासुद्धा भरवसा नाही.

लेकीनं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. ती फक्त एवढंच म्हणाली, "आई, उद्या मी त्या हॉस्पिटलला येते म्हणून सांगते." आणि आपली पुस्तकं खोक्यात भरायला बसली.

मी मात्र यांना सोडलं नाही. "तुमचं नाक वाहिलं आणि पोरीचं घर सुटलं," मी म्हटलं. मला रडूच कोसळलं. हे मफलर काढून खुंटीला टांगून आले.

सकाळी दवाखाना उघडला, तर पहिले हेच माझ्यापुढं हजर. मफलर नाही, टोपी नाही, नाक टोमॅटोसारखं.

"नंबर द्या, बाई."

"कसला नंबर? आत जा की, रिकामंच आहे."

"नंबर," हे ठामपणे म्हणाले. मी पहिल्या नंबरची पट्टी दिली. हे आत जाऊन तपासून घेऊन आले आणि घरी जायच्याऐवजी आमच्या बाकावर, रस्त्यावरून दिसेल असे, हातात गरम पाण्याचा पेला घेऊन बसले. येणारा जाणारा थबकायचा. "काय मोठे डॉक्टर, औषध कुणाचं?"

"मुलीचं," हे पेला उंच करून दाखवायचे आणि सगळ्यांसमोर खळाखळा गुळण्या करायचे. मी "शी!" म्हणून ओरडले, पण माझं ऐकतंय कोण.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुन्हा नंबर, पुन्हा तपासणी, पुन्हा बाक. लोक यांचं नाक बघायला यायला लागले. मास्तर सकाळी फिरून येताना नाकाचा रंग तपासून जायचे. बसड्रायव्हर बस थांबवून खिडकीतून ओरडायचा, "आज कसंय?" यांनी बोट वर-खाली करून उत्तर द्यायचं. लेक आतून सगळं बघत होती. खोकं अर्धवट भरून तसंच पडलं होतं, आणि फोन उद्यावर जात होता. मी त्या खोक्याकडं बघायचं टाळत होते.

आठवड्यानं नाक आपोआप सुकलं. त्याच दिवशी शिवणकामवाल्या बाई आल्या आणि यांच्यासमोर कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"तुमची नि माझी सर्दी सारख्याच दिवसांत गेली," त्या म्हणाल्या. "फरक इतकाच, की समोरच्या गोळ्यांनी माझ्या पोटाची पार वाट लागली." मग माझ्याकडं वळून त्या कौतुकानं म्हणाल्या, "हाताला गुण आहे हो तुमच्या लेकीच्या. नुसत्या पाण्यानं बरं करते! पोटाचं विचारायचंय, नंबर द्या."

मी नंबर देतेय तोवर दारात कोणीतरी शिंकलं. बघते तर समोरचा. गळ्यात मफलर, नाक लाल.

"सर, ही तुमचीच," तो म्हणाला. "तपासताना लागली." आणि स्वतःच्या दवाखान्यातून त्याचे पेशंट डोळे फाडून बघत असताना तो आमच्या बाकावर यांच्या शेजारी टेकला. "माझाही नंबर लावा, वहिनी. आणि सर, उद्यापासून मी दोन ओळींवर येतोय. तुम्ही पुन्हा पाचावर जाऊ नका म्हणजे झालं."

"मी कुठला लिहितोय आता," हे म्हणाले, आणि आपला पेला त्याच्या हातात दिला. मग लक्षात येऊन मी दुसरा आणला.

बाईंनी आपला पहिला नंबर त्याला देऊन टाकला, आणि गंमत बघायला मास्तर नि बसड्रायव्हरही आमच्या बाकावर येऊन बसले. त्याची तपासणी झाली. चिठ्ठी घेऊन तो बाहेर आला. तिच्यावर एकच ओळ होती. त्यानं ती वाचली आणि सवयीनं उलटून मागे बघितलं. सगळा बाक हसला, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसले ते आमचे हे.

त्या हसण्यातच आत फोन वाजला. मी दाराला कान लावला, लाज कसली त्यात. लेक म्हणत होती, "हो, मीच बोलतेय... नाही, मला येता येणार नाही. नाही, दुसरीकडं नोकरी नाही मिळाली. माझा एक पेशंट आत्ताच बरा झालाय, तो परत आजारी पडेपर्यंत मला इथंच थांबावं लागेल."

यांनीही ऐकलं होतं. हे रुमालात नाक खुपसून बसले, आणि सर्दी तर केव्हाच गेली होती.

"आई," आतून हाक आली, "पुढचा नंबर पाठव ना."

मी पदरानं डोळे पुसत होते. मग बसड्रायव्हरच मोठ्यानं ओरडला, "दोन नंबर!"